आठवणीतलं खरकटं

ज्या बाईनं पंधरा महिन्यांपूर्वी त्याच्या अंगावर चप्पल भिरकावली होती, तिनंच दार उघडलं आणि हसून म्हणाली, "या, या. जिना जरा उभा आहे, सांभाळून चढा. आधी सरबत घेता का?"

मल्हार शेवडेचा पाय उंबऱ्याबाहेरच राहिला. चप्पल निळ्या पट्ट्याची होती. डाव्या पायातली होती. ती त्याच्या कानाला चाटून मागच्या कॅलेंडरवर आदळली होती आणि कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं होतं, इथवर सगळं त्याला आठवत होतं. ऋतुजा मगदूम यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. आठवू नये अशी सरकारी व्यवस्था होती.

"कोकमाचं चालेल ना?"

"पळेल," मल्हारची बायको ओवी म्हणाली आणि आत जाऊन पंख्याखालची खुर्ची पकडून बसलीसुद्धा.

सन दोन हजार अडुसष्ट. सांगलीतली विश्रामबागेकडची एक शांत गल्ली. ऋतुजाकाकू बहात्तर वर्षांच्या होत्या. त्या काळातल्या आज्यांची नावं अशीच असत, ऋतुजा, मयुरी, स्नेहल. ऐकणाऱ्याला वाटावं, आत्ता कॉलेजातून येतील. वरचा मजला त्यांना भाड्यानं द्यायचा होता. करार अकरा महिन्यांचा. माणूस चंद्रावर सहलीला जाऊ लागला होता, पण भाड्याचा करार अकराच महिन्यांचा का, हे अजून कुणाला सांगता येत नव्हतं.

मल्हारनं सरबत संपवलं ते पेल्यात बघत. गच्ची आहे, पाणी चोवीस तास आहे, मालकीण चौकशा करत नाही, असं सगळं ओवीनं तिथंच मोजून दाखवलं. नको म्हणायला मल्हारला कारण हवं होतं. खरं कारण होतं, पण ते सांगणं गुन्हा होता.

नवारंभ कायदा येण्याआधी दिवाळं निघालेल्या माणसाला घर मिळणं फार कठीण होतं. घरमालक तीन प्रश्न विचारत. मांसाहार करता का? पाहुणे फार येतात का? दिवाळं निघालंय का? पहिल्या दोन प्रश्नांना खोटं बोलण्याची प्रथा होती आणि ती दोन्ही बाजूंना मान्य होती. तिसऱ्याचं उत्तर मात्र यंत्रं आधीच देऊन मोकळी होत. सरकारनं मग कागदपत्रांतून दिवाळखोरांची नावं पुसून टाकली. उपयोग झाला नाही. कागद पुसता येतात, पण ज्यांचे पैसे बुडाले ती माणसं गावातच राहतात, भाजीला जातात, बोलतात.

तेव्हा सरकारनं माणसांनाच हात घातला.

आठवण म्हणजे कपाटातली फाइल, असा आपला समज असतो. हवी तेव्हा काढावी, वाचावी, होती तशी परत ठेवावी. प्रत्यक्षात ती कच्च्या मातीच्या मूर्तीसारखी असते. आठवली की ओली होते, आणि काही तासांनी मेंदू ती पुन्हा वाळवून ठेवतो. दरवेळी नव्यानं. मेंदूला ही वाळवणी करूच दिली नाही, तर ओली मूर्ती तिथंच विरघळते. सरकारचं औषध एवढंच करत असे. ज्याचे पैसे बुडाले त्याला आणि त्याच्या घरच्यांना नवारंभ केंद्रात बोलवायचं, खुर्चीत बसवायचं, "काय झालं ते सगळं सांगा" म्हणायचं, आणि ते तळतळून सांगत असतानाच दंडात सुई टोचायची. याला निवळणी म्हणत. गढूळ पाणी निवळतं तशी. माणूस घरी जाई तो हलका होऊन. केंद्रात गेल्याचंही त्याला आठवत नसे. एका पाहणीत शंभर नागरिकांना विचारलं, तुमची कधी निवळणी झाली आहे का? शंभरांनीही छातीठोकपणे सांगितलं, छे! कायदा यशस्वी झाल्याचं सरकारनं त्याच आकड्यावरून जाहीर केलं.

प्रत्येक दिवाळ्यात निवळणी फक्त एका माणसाची होत नसे. दिवाळखोराची. त्याला धडा मिळावा म्हणून त्याची आठवण शाबूत ठेवत, आणि त्यानं ती कुणाला सांगायची नाही. निवळलेल्या माणसाला जुनं सांगणं म्हणजे स्मृतिभंग. त्याला शिक्षा अशी: नवारंभ रद्द, नाव पुन्हा दिवाळखोरांच्या फळ्यावर, सात वर्षं कुठलंही घर भाड्यानं मिळणार नाही. आणि ज्याला सांगितलं, त्याची पुन्हा निवळणी.

"घेऊया ना?" ओवीनं विचारलं.

"घेऊया," मल्हार म्हणाला.

*

शेवडे चांद्रसहली ही एके काळी जिल्ह्यातली नावाजलेली कंपनी होती. मराठी माणसाला जग बघायचं असतं, पण घरच्या जेवणावर, हे मल्हारनं ओळखलं होतं. आपला आचारी, आपली भांडी. चंद्रावर आमरस-पुरी. गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे पुरी जास्त फुगते असं जाहिरातीत म्हटलं होतं, आणि ते कुणी तपासलं नव्हतं. सहा दिवस, पाच रात्री. चंद्रावरची एक रात्र इथल्या चौदा दिवसांची असते, हे जाहिरातीत म्हटलं नव्हतं.

मग कंपनी बुडाली. कशी बुडाली, हे मल्हार कुणी विचारलं तर एका दमात सांगे: "हाव सुटली. दोन यानं एकदम भाड्यानं घेतली. झेपलं नाही. दुसऱ्या कुणाचा दोष नाही." सांगताना त्याची मान खाली जाई. ओवीची मात्र वर होई. तिनं हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं, की शेवटचे चार शब्द ती त्याच्याबरोबरच म्हणे.

मगदूमांच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्यापासून मल्हारला खाली मान घालून जिना उतरायची सवय लागली. काकूंचा नळ गळत होता, तो त्यानं न सांगता बसवून दिला. गॅलरीचं दार लागत नव्हतं, ते रंधा मारून सरळ केलं. बाजारात गेला की कृष्णाकाठची कोवळी वांगी काकूंसाठी वेगळी घेऊन येई.

"अहो, हे कशाला आता?"

"सहज. ताजी दिसली."

"शेवडे, तुम्ही गेल्या जन्मीचे माझे कोण लागता कोण जाणे!"

याच जन्मीचा लागत होता, पण ते सांगायची सोय नव्हती. मल्हार वर येऊन हात धूत बसे. काकूंनी एकदा तरी शिवी घातली असती, तर त्याला रात्री झोप लागली असती. पण त्या थालीपीठ पाठवत. वर लोण्याचा गोळा.

दर रविवारी ओवीचा थोरला भाऊ शौनक येई. हळदीच्या वखारीत व्यवस्थापक होता. हातात भडंगाची पिशवी, द्राक्षांची पेटी, कधी ओवीला साडी, कधी मल्हारला शर्ट. आल्याआल्या विचारे, "मल्हारराव, काही हवं-नको?" आणि उत्तराची वाट न बघता बंद पडलेलं काहीतरी उघडून बसे.

"कशाला रे दादा इतकं?" ओवी म्हणे.

"सहज."

तो गेला की ओवी भडंगाचा डबा आपटून बंद करी. "बघ. याला म्हणतात माणूस. धंदा न करता माणूस सुखी राहतो. दादाकडून जरा शीक."

मल्हार शिकण्याचा प्रयत्न करी. शौनकबद्दल त्याला आदर होता, आणि थोडा कंटाळाही. इतकं चांगलं वागणाऱ्या माणसाशी बोलणार तरी काय? चांद्रसहलींचा विषय निघाला की तो तर घाईघाईनं द्राक्षांच्या भावावर येई. मल्हारला वाटे, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून. केवढं मन!

*

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी मल्हार काकूंकडे बल्ब बदलायला गेला. भिंतीवर त्यांच्या यजमानांचा फोटो होता. तुषार मगदूम, भूगोलाचे शिक्षक. कंपनी बुडाल्यावर दोन महिन्यांत गेले. फोटोखाली भरतकामाचा अभ्रा घातलेली दुर्बीण होती, तिच्या शेजारी पूर्वेची खिडकी. काकू उठल्या आणि त्यांनी खिडकी लावून टाकली.

"वारं येत होतं की काकू."

"चंद्र उगवेल आता." त्या खुर्चीत बसल्या. "तुम्हाला म्हणून सांगते, शेवडे. तुषारला चंद्रावर जायचं होतं. जन्मभर मुलांना नकाशे दाखवले, एकदा तरी डोळ्यांनी बघू दे, म्हणायचा. आणि मी नको म्हटलं. चंद्रावर काय ठेवलंय, म्हटलं. मीच नको म्हटलं."

मल्हार स्टुलावर उभा होता. हातात जुना बल्ब.

"पैसे होते हो. कुठं गेले ते आता कळत नाही. मीच उधळले असणार. माणसाची एक इच्छा... पुरवता आली असती." त्यांनी फोटोकडे पाहिलं नाही. "रोज हार घालते, पण वर बघायची लाज वाटते मला."

मल्हारला सगळं आठवत होतं. काकू त्याच्या ऑफिसात आल्या होत्या, पर्समध्ये घडी घातलेली यादी घेऊन. तुषाररावांच्या पंचाहत्तरीची भेट म्हणून दोन जागा. "त्यांना सांगू नका हं, मी स्वतः सांगणार आहे," म्हणाल्या होत्या. मधुमेह्यांना आमरसाऐवजी काय देता, असं विचारलं होतं. चंद्रावर थंडी किती, लोकरीचं हाफ स्वेटर पुरेल का, हेही. आणि चप्पल भिरकावली त्या दिवशी त्या ओरडत होत्या, "बॅग भरून बसलाय हो तो! नवं स्वेटर घालून बसलाय!"

बाईनं नवऱ्याला चंद्र भेट दिला होता. ती भेट मल्हारनं बुडवली. आणि सरकारनं, मोठ्या मनानं, ती दिल्याचंही तिच्या डोक्यातून काढून घेतलं.

"काकू," तो म्हणाला.

"काय?"

वरून ओवीच्या गाण्याचा आवाज येत होता. ती गच्चीवर कुंड्या लावत होती. वर्षभर लॉजमधल्या खोलीत काढल्यावर तिला पहिल्यांदा कुंड्या लावायला जागा मिळाली होती.

"बल्ब बसला," मल्हार म्हणाला आणि स्टुलावरून उतरला.

*

दिवाळखोरांना दर तीन महिन्यांनी नवारंभ केंद्रात हजेरी लावावी लागे. डॉ. इरा जमखंडीकर तिथं मेंदूविज्ञान सांभाळत. वय तिशीच्या आतबाहेर, टेबलावर पुरणपोळीचा डबा आणि मेंदूचा प्लॅस्टिकचा नमुना, दोन्ही उघडे.

"बसा. काही तक्रार?"

"तक्रार नाही. शंका आहे." मल्हारनं नाव न घेता सगळं सांगितलं. "मॅडम, तुम्ही आठवण काढून घेतली ती घेतली. पण त्या बाईला ही दुसरी कुणी दिली? असं काही घडलंच नव्हतं!"

"कुणी नाही दिली. तिनंच केली." डॉक्टरांनी मेंदूचा एक तुकडा काढून बाजूला ठेवला. "असं भोक पडलं की मेंदूला राहवत नाही. पैसे गेलेत, नवरा गेलाय, छातीत दुखतंय, आणि कारण सापडत नाही. मग तो कारण रचतो. आम्ही त्याला भरावकथा म्हणतो. रस्त्यातला खड्डा मुरुमानं भरतात ना, तसं."

"पण स्वतःलाच का दोष द्यायचा? जावयाला द्यावा, सरकारला द्यावा."

"ज्याचा दोष तो माणूस पुसला गेलेला असतो. मग हाताशी सगळ्यांत जवळचा आरोपी कोण? आपणच." त्या थोड्या अवघडल्या. "खरं सांगू? कायदा करणाऱ्यांना हे आवडलं. दुसऱ्याला दोष देणारा माणूस कोर्टात जातो. स्वतःला देणारा घरी बसतो."

"म्हणजे लाज माझी, आणि भोगायची तिनं?"

"लाज पुसता येत नाही, शेवडे. प्रसंग पुसता येतो. लाज शरीरात असते, ती पत्ता शोधत बसते."

मल्हारनं विचारलं, "तिला कळणार नाही का, की हे रचलेलं आहे?"

"कळू शकतं. अवघड आहे." डॉक्टरांनी पोळीचा तुकडा मोडला. "खऱ्या आठवणीत खरकटं असतं. नको असलेलं, बिनकामाचं. त्या दिवशी काय जेवलो, कुणाच्या शर्टाचं बटण तुटलं होतं, बाहेर कोण शिंकलं. भरावकथा घासून पुसून लख्ख असते. तिच्यात फक्त दोष असतो, बाकी काही नसतं. आणि ती माणसं दरवेळी त्याच शब्दांत सांगतात. पण तुम्ही तिला काही सांगायचं नाही हं. सात वर्षं, लक्षात आहे ना?"

"आहे."

"चला, अर्ज भरू. नेहमीचाच प्रश्न. दिवाळं कशानं निघालं?"

"हाव सुटली. दोन यानं एकदम भाड्यानं घेतली. झेपलं नाही. दुसऱ्या कुणाचा दोष नाही."

डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं. त्यांनी वर पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग भिंतीवरच्या नियमावलीकडे नजर टाकली आणि पोळीचा तुकडा तोंडात घातला.

"गूळ जास्त झालाय," त्या म्हणाल्या. "या तुम्ही."

*

सांगायचं नाही, पण विचारायला तर बंदी नव्हती. कायद्यातली ही फट सापडल्याचा मल्हारला इतका आनंद झाला, की येताना तो काकूंसाठी दोन किलो वांगी घेऊन आला.

रविवारची सकाळ होती. काकू अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मल्हार पायरीवर टेकला.

"काकू, तुषारकाकांना तुम्ही नको म्हटलंत, तो दिवस कुठला होता?"

काकूंचा हात थांबला. "कुठला म्हणजे?"

"उन्हाळा होता? पाऊस? काका कुठं बसले होते?"

"बसले... इथंच कुठंतरी."

"जेवायला काय केलं होतंत?"

त्यांनी डोळे मिटले. मल्हार श्वास रोखून बसला. आता भराव ढासळणार, त्याखालून निळ्या पट्ट्याची चप्पल वर येणार, आणि ती खुशाल पुन्हा आपल्या कानावर बसू दे, असं त्याला मनापासून वाटलं. काकूंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"नाही आठवत," त्या म्हणाल्या. "काहीच नाही. चंद्रावर काय ठेवलंय, म्हटलं. मीच नको म्हटलं. एवढंच." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "बघा, शेवडे. माणसाची अखेरची इच्छा मोडली, आणि त्या दिवसाकडे धड लक्षसुद्धा दिलं नाही मी. काय म्हणावं असल्या बाईला!"

मल्हारला पायरी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांच्या लाजेत त्यानं आपल्या हातानं आणखी एक वाटी घातली होती.

"तसं नाही काकू. कुणालाच नसतं आठवत एवढं बारीकसारीक."

"तुम्हाला आठवतं का? तुमचा काही धंदा होता, तो बुडाला, म्हणाला होतात एकदा. तुमचं गणित चुकलं तो दिवस, काय जेवला होतात?"

काकूंनी हे साधेपणानं विचारलं, बोलण्याच्या ओघात. मल्हार हसला. चप्पल पडली त्या दिवशी त्यानं शाबूदाण्याची खिचडी खाल्ली होती, दाण्याचं कूट करपलं होतं. लॉजमध्ये गेले त्या दिवशी वडापाव, आणि ओवीच्या ओढणीला चटणीचा डाग. सगळं होतं. फक्त ती दोन यानं भाड्यानं घेतली, तो दिवस...

"हाव सुटली," त्यानं सुरुवात केली. "दोन यानं एकदम..."

कुठं बसून घेतली? सही कुठल्या पेननं केली? समोर कोण होतं? कुणीतरी असणारच, यानं काही झाडाला लागत नाहीत. चहा आला असेल. आला होता का? त्यानं आठवणीत सगळीकडे हात फिरवला. भांडं घासून पुसून लख्ख होतं. शिताचा कणही नव्हता. तळाशी फक्त चार शब्द चकाकत होते.

"दुसऱ्या कुणाचा दोष नाही," तो हळूच म्हणाला.

फाटक वाजलं. शौनक आत येत होता. एका हातात भडंगाची पिशवी, दुसऱ्या हातात ओवीच्या कुंड्यांसाठी खताचं पोतं. घामानं निथळत होता.

"काय मल्हारराव! इकडंच येत होतो."

"आज काय विशेष?"

"विशेष काही नाही," शौनक म्हणाला. "सहज."

मल्हारनं त्याच्याकडे पाहिलं. शौनकची नजर क्षणभर त्याच्या नजरेला टेकली आणि घसरून खाली गेली, भडंगावर. ती घसरण मल्हारनं कधीच पाहिली नव्हती, पण आतून त्याला तिची सवय होती. वांग्यांची पिशवी पुढं करताना रोज तो तीच करत होता.

काय केलं असेल यानं? केलंच असेल का? विचारावं, तर याला सांगता येणार नाही. सांगितलंच, तर याचाही नवारंभ रद्द, याचं घर जाणार, आणि आपण पुन्हा त्या खुर्चीत, दंडात सुई, की घरी येऊन नवी लख्ख कथा. मल्हारनं चिडून बघायचा प्रयत्न केला. चिडायला काहीतरी लागतं, एखादा दिवस, एखादा शब्द, चहाचा एक कप. त्याच्याकडे काहीच नव्हतं. लाज तेवढी होती, आणि ती कुणाची का असेना, आता अंगाला बसली होती. त्यानं मुकाट्यानं पुढं होऊन पोत्याचं एक टोक धरलं.

वरून, गच्चीच्या कठड्यावरून, ओवीचा आवाज आला, "दादा आला का? बघ मल्हार, बघ! भर उन्हात पोतं घेऊन आलाय. जरा शीक!"



काकूंनी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या, आणि पोतं धरून उभ्या असलेल्या दोघा पुरुषांकडे कौतुकानं पाहत राहिल्या. "शेवडे," त्या म्हणाल्या, "आपली पात्रता नसताना किती चांगली माणसं भेटतात हो आपल्याला!"

दोघंही एकाच वेळी खाली बघू लागले.